वहीतले रविवार

विमलताई खैरनार नाशिकच्या पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं स्टेनो होत्या. साहेब बदलून जायचे, नवे यायचे, त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची मात्र विमलताईंचीच असायची. इंग्रजी शॉर्टहँडची मिनिटाला एकशेवीस शब्दांची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या आणि त्यांनी उतरवून घेतलेल्या पत्रात चूक निघाली असं कधी झालं नव्हतं. निवृत्तीनंतरही हाताची सवय गेली नाही. किराण्याची यादी, फोनवरचा निरोप, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य, सगळं त्या शॉर्टहँडमध्येच लिहून ठेवत.

यजमान काशिनाथराव गेल्यावर दोन वर्षांनी मुलगा संग्राम त्यांना न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला घेऊन आला. तो दुधाची पावडर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता, सून अबोली हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. सकाळी साडेसातला दोघं आपापल्या गाड्या काढून निघून जात आणि घर संध्याकाळपर्यंत विमलताईंच्या ताब्यात राही. रस्ता इतका स्वच्छ आणि इतका रिकामा, की कुणी चालताना दिसलं तरी त्या खिडकीशी जाऊन बघत. इंग्रजी त्यांना लिहायला उत्तम यायचं, पण इथल्या लोकांचं बोलणं कानाला लागत नव्हतं. दुकानातली मुलगी पेनला ‘पिन’ म्हणायची आणि विमलताई हसून मान डोलवायच्या. आल्यापासून तिसऱ्या महिन्यात त्यांनी संग्रामला सांगून टाकलं की जूनअखेरचं परतीचं तिकीट काढ. त्याने तिकीट काढलं.

एप्रिलमध्ये शेजारच्या हेदरबाई फिजोआ नावाच्या हिरव्या फळांची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या झाडाखाली फळांचा खच पडला होता आणि गल्लीत कुणी ते आता फुकटही घेत नव्हतं. हेदरबाई ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहायच्या, कमरेत जरा वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. पिशवी ओट्यावर ठेवताना त्यांचं लक्ष तिथे पडलेल्या पाकिटाकडे गेलं. पाकिटाच्या मागे विमलताईंनी सकाळीच यादी लिहिली होती: हिंग, बेसन, साबण.

हेदरबाईंनी पाकीट उचललं आणि बराच वेळ हातात धरलं. मग विचारलं, हे तुम्ही लिहिलंय का? विमलताईंनी मान हलवली. हेदरबाई आल्या तशा परत गेल्या आणि दहा मिनिटांत एक वही घेऊन आल्या. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडल्यासारखे झालेली, आत पिवळ्या कागदावर पेन्सिलीच्या बारीक रेघा, टिंबं, आकड्या, वळणं.

वही त्यांच्या वडिलांची होती. कॉलिन त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते इथेच एका वकिलाकडे कारकून होते. नंतर न्यूझीलंडच्या हवाई दलात भरती झाले आणि प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी एका बेटावर विमानांच्या तळावर त्यांना कचेरीचं काम मिळालं. हेदरबाईंचा जन्म झाला तेव्हा ते तिथेच होते. परत आल्यावर त्यांनी त्या बेटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ही वही त्यांच्या मागे कपाटात सापडली, आणि चाळीस वर्षांत ती वाचू शकेल असं कुणी भेटलं नाही. एका पुतण्याने फोटो काढून कुठल्याशा ॲपला दिले, तर ॲपने सांगितलं की ही बहुतेक अरबी लिपी असावी.

विमलताईंनी चष्मा बदलला, वही खिडकीशी नेली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. रेघ ओळखीची होती. ज्या पद्धतीचं शॉर्टहँड त्या नाशिकच्या क्लासमध्ये शिकल्या, त्याच पद्धतीचं, फक्त जुन्या वळणाचं. त्यांनी सावकाश वाचलं, “रविवार. पाऊस. तंबूत प्रार्थना. तेवीस माणसं.”

हेदरबाई ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

असं ते सुरू झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी हेदरबाई यायच्या, विमलताई वाचायच्या आणि मग दुपारी ते सगळं अबोलीच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करून ठेवायच्या.

कॉलिन कचेरीत कारकून होता, पण तळावरच्या पाद्रीकडे लिहायला माणूस नसल्याने ते कामही त्याच्याकडेच आलं होतं. त्यामुळे वहीत रविवार ठळक होते. प्रार्थनेचा तंबू रविवारी उभा करायचा आणि सोमवारी तिथे पुन्हा सामान भरायचं. बसायला नारळाचे ओंडके. वेदीवर फाटक्या पॅराशूटचं कापड. भजनांची पुस्तकं नऊच, म्हणून कॉलिन आदल्या दिवशी कडवी टाइप करून वाटायचा. विमानं रविवारीही उडायचीच, तेव्हा प्रार्थनेची वेळ विमानांवर ठरायची, कधी पहाटे सहा, कधी भर दुपारी. वाइन नव्हती. पाद्री डब्यातल्या द्राक्षांचा रस वापरायचा आणि देव समजून घेईल म्हणायचा.

बाकीच्या दिवसांत चिखल होता. बुटांना रात्रीतून बुरशी यायची. पेट्रोलच्या रिकाम्या पिंपात कपडे उकळायचे. जेवणात डब्यातलं मांस आणि वाळवलेले बटाटे. मलेरियाच्या गोळ्यांनी सगळ्यांची कातडी पिवळी पडली होती, आणि घरी पाठवायच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ते दिसत नाही म्हणून सगळे खूश होते.

वाचन सोपं नव्हतं. शॉर्टहँडमध्ये स्वर बहुतेक गाळतात, मागे राहतो तो व्यंजनांचा सांगाडा. त्यात ‘प’ आणि ‘ब’ची रेघ एकच, ‘प’ बारीक आणि ‘ब’ जाड. ‘क’ आणि ‘ग’चं तेच. पेन्सील ऐंशी वर्षांत फिकी पडलेली, जाड कुठली आणि बारीक कुठली ते बऱ्याच ठिकाणी कळत नव्हतं. विमलताई वाक्याच्या अर्थावरून ठरवायच्या. एका ठिकाणी ‘क-र-क’ असा सांगाडा पुन्हा पुन्हा येत होता आणि इंग्रजीतला कुठलाच शब्द त्यात बसेना. संध्याकाळी भाजी चिरताना त्यांनी अबोलीला विचारलं.

अबोली म्हणाली, “आई, कराकिया असेल. इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या भाषेत प्रार्थनेला म्हणतात. आमच्याकडे मीटिंग सुरू करायच्या आधी रोज असते.”

तो शब्द बसला. तळावर माओरी जवानही होते आणि त्यांची कराकिया झाल्यावर कॉलिन दर वेळी एकच शेरा लिहायचा, ‘यांचे आवाज आमच्याहून चांगले.’ विमलताईंनी त्या दिवशी सुनेला दोनदा वाढलं.

आणखी एक गंमत झाली. जिथे कॉलिनने स्वर लिहिले होते, तिथे ते त्याच्या बोलण्याप्रमाणे लिहिले होते. त्याच्या वहीत पेनचं ‘पिन’ होतं. दोन-तीन आठवड्यांत विमलताईंना दुकानातल्या मुलीचं बोलणं समजायला लागलं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्या वहीच्या मध्यावर आल्या. पानाच्या वरच्या अंगाला चार छोटी वाक्यं होती. विमलताईंनी नेहमीसारखी सरळ वाचली. “आज मी माझा गॉड सोडून दिला. आता खाली काहीच नाही. पाद्रीला सांगितलं. तो म्हणाला, इथे पुष्कळांनी तेच केलंय.”

वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. हेदरबाई हातातला कप तसाच धरून बसल्या होत्या.

मग हेदरबाईंनी सांगितलं. वडील दर रविवारी आईला आणि त्यांना चर्चला गाडीने घेऊन जायचे, पण स्वतः कधी आत गेले नाहीत. बाहेर गाडीत बसून राहायचे, पाऊस असो, थंडी असो. तासाभराने सगळ्यांना घेऊन घरी यायचे. आईने पहिली काही वर्षं आग्रह केला, मग सोडला. लोक कुजबुजायचे. हेदरबाईंना लहानपणी त्यांची लाज वाटायची आणि मोठेपणी राग यायचा. एकदा, लग्न ठरल्यावर, त्यांनी वडिलांना तोंडावर विचारलं होतं की माझ्या लग्नाला तरी आत येणार का. ते आले, पण दाराशी उभे राहिले.

“म्हणजे मला वाटायचं ते खरं होतं,” हेदरबाई म्हणाल्या. “त्याच्याजवळ काही उरलंच नव्हतं.”

त्यांनी कप ठेवला, आभार मानले आणि त्या गेल्या. वही ओट्यावरच राहिली. शुक्रवारी त्या आल्या नाहीत. विमलताईंनी कुंपणावरून हाक मारली तर हेदरबाईंनी खिडकीतून हात हलवला, एवढंच. पुढच्या मंगळवारीही नाहीत.

विमलताईंना चैन पडेना. त्या स्वतःला समजावत राहिल्या की आपण फक्त लिहिलंय ते वाचलं. ऑफिसात त्यांनी बदलीचे, निलंबनाचे हुकूम टाइप केले होते आणि ज्याचा हुकूम तो माणूस संध्याकाळी समोरून जाताना मान खाली घातली होती. स्टेनोचं काम तेवढंच. पण इथे ती बाई शेजारी राहत होती. संग्राम म्हणाला, आई, तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, त्यांचे वडील, त्यांचं आयुष्य. अबोलीने विचारलं, पुढे काय लिहिलंय? विमलताईंनी पुढे वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर त्या वही घेऊन बसल्या. पुढची पानं अंगदुखीची होती. जमीन ओली. पाठ धरली. खेकडे अंगावरून जातात. तापाच्या तंबूत आता एकोणीस माणसं, सगळ्यांना जागा पुरत नाही. रविवारच्या प्रार्थनेची नोंद मात्र चुकलेली नव्हती, भजनं टाइप केल्याचीही. ज्याने देव सोडला तो माणूस भजनं कशाला टाइप करेल, असं त्यांच्या मनात आलं, पण हुकूम म्हणून करत असेल, अशी त्यांनीच समजूत घातली. मग बारा दिवसांनंतरची नोंद आली आणि त्या ती वाचता वाचता थांबल्या.

‘माझा गॉड आज परत मिळाला. त्याला तापाचा वास येतो आणि एक पाय मोडलाय.’

विमलताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी मध्यावरचं ते पान पुन्हा उघडलं. तीच रेघ, ओळीच्या वर, अर्ध्या लांबीची, म्हणजे शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’. जाड असेल तर गॉड. बारीक असेल तर कॉट.

पण अंदाजावर त्या एकदा फसल्या होत्या. आता अंदाज नको होता. त्या ऑफिसातल्या दिवसांत जाऊन आठवू लागल्या. जाड रेघ काढताना पेन्सील दाबावी लागते. दाबली की कागदाच्या मागे वळ उठतो, आणि शिसं पुसलं गेलं तरी वळ राहतो. त्यांनी पान उलटलं, डोळे मिटले आणि तर्जनीचं टोक कागदाच्या पाठीवर हळूहळू फिरवलं. ‘पाद्री’ शब्दातला ‘प’ गुळगुळीत होता. ‘बूट’मधला ‘ब’ बोटाला लागला. मग त्या परतलेल्या ‘गॉड’वर आल्या. गुळगुळीत. मध्यावरच्या त्या पानावर गेल्या, तिथेही गुळगुळीत. खात्रीसाठी त्यांनी पाद्रीचं ते वाक्य शोधलं, देव समजून घेईल म्हणणारं. तिथला गॉड बोटाला स्पष्ट लागत होता.

तापाच्या तंबूत खाटा पुरत नव्हत्या, म्हणून पुष्कळांनी आपापली कॉट देऊन टाकली होती. कॉलिननेही दिली होती. त्याच्या अंगाखाली आता ओली जमीन होती. खाली काहीच नाही, असं त्याने लिहिलं होतं, ते त्याच अर्थाने.

अशी चूक चौतीस वर्षांत झाली नव्हती. अबोली संध्याकाळी आल्यावर तिला घेऊन जावं, ती नीट इंग्रजीत समजावून सांगेल, असा विचार त्यांनी केला आणि लगेच सोडला. चूक त्यांची होती. त्यांनी चपला घातल्या, वही पदराखाली घेतली आणि भुरभुर पावसात शेजारच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. या देशात कुणाच्या दारावर एकटीने जाऊन टकटक करण्याची ही त्यांची पहिली वेळ.

हेदरबाईंनी दार उघडलं. विमलताई वाटेत जुळवलेली वाक्यं विसरल्या.

“हेदर, मी चूक केली,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांनी देव सोडला नव्हता. कॉट सोडली होती. झोपायची कॉट.”

हेदरबाईंना कळेना. विमलताईंनी त्यांना टेबलाशी बसवलं, एका कागदावर दोन रेघा काढल्या, एक जाड, एक बारीक, आणि दोन्ही वाचून दाखवल्या. मग पान उलटून हेदरबाईंचं बोट धरलं आणि आधी पाद्रीच्या देवावरून फिरवलं, नंतर त्या दोन शब्दांवरून. हेदरबाईंच्या बोटांना संधिवात होता, पण त्यांना फरक कळला. त्यांनी ते तीनदा करून पाहिलं.

शेवटी विमलताईंनी परत मिळालेल्या कॉटची नोंद वाचली. मोडक्या पायाशी आल्यावर हेदरबाई हसू लागल्या, आणि हसणं थांबेना. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले. विमलताई पुन्हा माफी मागू लागल्या, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं की कॉट कुणाला दिली होती. विमलताईंनी शोधून सांगितलं. वॉली नावाच्या विमानाच्या फिटरला. त्याच्या तापाची नोंद रोज होती, आणि शेवटी ‘वॉलीने दोन वाट्या सूप घेतलं’ अशी.

“दोन वाट्या,” हेदरबाई म्हणाल्या. त्यांना ते फार आवडलं.

त्यानंतर वाचन हेदरबाईंच्या टेबलावर होऊ लागलं. विमलताई आता प्रत्येक पान मागून बोटाने तपासल्याशिवाय शब्द उच्चारत नसत. जूनच्या सुरुवातीला एक नोंद आली. प्रार्थना चालू असताना तळावरून फोन आला तर घ्यायला कुणीतरी लागायचं, आणि फोन होता तंबूबाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये. ते काम कॉलिनकडे होतं. पाद्रीचा कारकून असूनही जवळजवळ प्रत्येक रविवारी त्याने प्रार्थना बाहेरून, जीपमध्ये बसून ऐकली. त्याने लिहिलं होतं, ‘बाहेरून प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येतो. त्या आठवड्यात कुणाचा नाही, तेही कळतं.’

हेदरबाईंनी ती ओळ पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाल्या की चर्चबाहेर बसताना वडील गाडीची काच खाली करून ठेवायचे. भर जुलैच्या थंडीतसुद्धा. आई चिडायची, सीट भिजते म्हणून.

“म्हणून बसायचा का तो बाहेर?” त्यांनी विचारलं.

विमलताईंना हो म्हणावंसं वाटलं. पण त्या म्हणाल्या, “तसं वहीत नाही. वहीत आहे तेवढंच मी सांगेन. मला त्यांचं अक्षर ठाऊक आहे, माणूस तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला आता ठाऊक व्हायला लागलाय,” हेदरबाई म्हणाल्या.

टाइप केलेली पानं संग्रामने ऑफिसात छापून बांधून आणली. हेदरबाईंनी एक प्रत टॉरंगाला राहणाऱ्या धाकट्या भावाला पाठवली. भावाचं आणि वडिलांचं कधी पटलं नव्हतं, त्यामुळे उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आठवड्याने त्याचा फोन आला. तो तासभर बोलला. त्याला कॉटचं पान पाठ झालं होतं. आणि मग त्याने सांगितलं की त्याच्या गॅरेजमध्ये वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत तशाच आणखी दोन वह्या आहेत. त्याने त्या आजवर विजेच्या वायरिंगची टिपणं समजून बाजूला ठेवल्या होत्या. शनिवारी तो स्वतः गाडीने घेऊन येतो म्हणाला.

त्या संध्याकाळी जेवताना विमलताईंनी संग्रामला विचारलं की तिकिटाची तारीख पुढे ढकलता येते का. त्याने घास हातातच ठेवून आईकडे पाहिलं. किती पुढे, असं अबोलीनेच विचारलं.

“दोन वह्या आहेत,” विमलताई म्हणाल्या. “अक्षर बघितल्याशिवाय कसं सांगू?”

शनिवारी भाऊ आला. उंच, मितभाषी, पंचाहत्तरीचा माणूस. त्याने वह्या एका स्वच्छ टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या. तिघं टेबलाशी बसले. विमलताईंनी वरची वही उघडली, पहिलं पान उलटून पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा सरळ केलं.

“रविवार,” त्यांनी वाचलं. “कोरडे मोजे कुणाकडेच नाहीत. प्रार्थनेला एकतीस माणसं. वॉली आज पहिल्यांदा आला, पुढच्या ओंडक्यावर बसला आणि बेसूर गायला.”

भावाने खुर्ची जरा जवळ ओढली. भजन कुठलं होतं, असं त्याने विचारलं. विमलताईंनी पुढची ओळ पाहिली आणि वाचायला सुरुवात केली.